मोतीबिंदू निघाला, रंग मात्र परतले नाहीत: पाचोऱ्याच्या एका चित्रकाराचं प्रकरण

पाचोऱ्यातल्या एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी वयाच्या ६२व्या वर्षी ऑइल आणि अॅक्रिलिक बाजूला ठेवलं आणि काळ्या शाईत मोनोटाइप, म्हणजे एकेकच निघणारे छाप, छापायला घेतले. आज सत्तरी जवळ आली तरी ते दुसरं काही करत नाहीत. गावात कारण विचारलं की एका दमात उत्तर मिळतं: डोळे गेले म्हणून. कारण सोयीचं आहे, ऐकणाऱ्याला वाईटही वाटतं, आणि माझ्या मते ते अर्धंसुद्धा खरं नाही. म्हणून हे प्रकरण जरा तपशिलात लिहितोय. उतारवयात माध्यम बदलणाऱ्या चित्रकाराबद्दल आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक, हात चालेना म्हणून सोपं धरलं. दोन, जिद्दीला सलाम. दोन्हींत त्याच्या चित्रांबद्दल कोणी काही बोलत नाही.

नाव छापायचं नाही ही त्यांची अट आहे. गाव त्यांना आबा म्हणतं, मीही म्हणतो. शाळेत ते मला ड्रॉइंग शिकवायचे. पुढे मी मुद्राचित्रण, म्हणजे ठशावरून चित्रं छापण्याची कला, शिकलो आणि आता तेच शिकवतो. या प्रकरणात मी पूर्ण त्रयस्थ नाही, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण रूळ आणि शाईचा पहिला डबा माझ्याकडूनच गेला होता.

आधीचा हात

आबांनी ए.टी.डी. ही चित्रकला शिक्षकाची पदविका केली आणि शाळेला लागले. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवायची, गॅदरिंगचे पडदे रंगवायचे, भिंतींवर सुविचार लिहायचे. पगारात भागत नसे, म्हणून संध्याकाळी बाहेरची कामं. दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या नंबरप्लेटा, नवरात्राच्या मंडळांचे देखावे, काचेच्या दारांवरची अक्षरं. काचेवरचं अक्षर आतल्या बाजूने उलटं रंगवावं लागतं, म्हणजे बाहेरून सुलटं दिसतं आणि पावसात धुपत नाही. ही उलटी देवनागरी आबा सुलटीइतक्याच वेगाने लिहायचे. हा तपशील पुढे कामाला येणार आहे.

सगळ्यात जास्त कामं मात्र पोर्ट्रेटची. घरातला कर्ता माणूस गेला की तेराव्याच्या आत कोणीतरी पासपोर्ट साइझचा, घडी पडलेला फोटो घेऊन यायचं. 'डोळे जरा उघडे काढा. चष्मा नको. कोट घाला, जमलं तर टायपण.' ज्या माणसाने हयातभर धोतर सोडलं नाही त्याला आबा कोट घालून द्यायचे. सुरकुत्या कमी करायच्या, गाल थोडे भरायचे, डोळ्यांत एक पांढरा ठिपका ठेवायचा की झालं. हे काम ते उत्तम करायचे. पुढे फ्लेक्स आला आणि वर्ष-दोन वर्षांत बोर्ड रंगवणारे रिकामे झाले. पोर्ट्रेटही स्टुडिओवाला कॉम्प्युटरवर करून द्यायला लागला.

निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःसाठी रंगवायला घेतलं. गिरणा नदी, पाटणादेवीचं जंगल, केळीच्या बागा, आठवडे बाजार. स्पष्ट सांगतो, चित्रं नीटनेटकी होती आणि थकलेली होती. प्रत्येक झाडाला कडेने उजेडाची रेघ, प्रत्येक बाईच्या डोक्यावर घडा. गिऱ्हाईक राहिलं नव्हतं, पण गिऱ्हाइकाचा 'जरा अजून फिनिशिंग करा' हा आवाज हातात मुरलेला होता. अॅक्रिलिकवर कितीही वेळा हात मारता येतो, आणि आबा मारत राहायचे. एखादं चित्र तिसऱ्या दिवशी चांगलं दिसायचं आणि दहाव्या दिवशी मेलेलं असायचं.

पिवळी टोपी

डोळ्यांचा भाग खोटा नाही. साठीच्या आसपास जुन्या ओळखीतून एका घरचं पोर्ट्रेट आलं. आबांनी ते पूर्ण करून दिलं. मुलगा न्यायला आला, बराच वेळ बघत राहिला आणि संकोचाने म्हणाला, 'आबा, बापूंची टोपी पांढरी होती, ही पिवळी का दिसते?' आबांना ती पांढरीच दिसत होती.

मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग नुसतं धूसर होत नाही, पुष्कळदा पिवळट-तपकिरी होत जातं आणि निळ्या बाजूचा उजेड गाळून टाकतं. त्यामुळे पांढरा आणि फिका पिवळा यांतला फरक कळेनासा होतो, गडद निळा आणि काळा एकसारखे वाटू लागतात. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेची याबाबतची हकिगत प्रसिद्धच आहे. १९१२मध्ये निदान झालं, शस्त्रक्रिया लांबवत लांबवत १९२३मध्ये झाली, आणि मधल्या काळातली त्याची चित्रं लालसर-तपकिरी होत गेलेली दिसतात. आबांनीही ऑपरेशन लांबवलं. नेमकं त्याच सुमारास मी दिवाळीला गावी गेलो असताना, रंगांचा घोळ होतोय तर काही दिवस नुसतं काळ्यात काम करून बघा, म्हणून सामान देऊन आलो.

म्हणजे सुरुवात डोळ्यांमुळे झाली, हे मान्य. गावाची गोष्ट इथेच संपते. प्रकरण पुढे आहे.

मोनोटाइप म्हणजे काय, थोडक्यात

लिनोकट, वुडकट किंवा एचिंगमध्ये ठशावर कोरलेली रेघ कायम राहते. शाई भरा, छापा, पुन्हा भरा, पुन्हा छापा. म्हणून त्या चित्रांखाली ५/२०, म्हणजे विसांतला पाचवा छाप, असे आकडे दिसतात. मोनोटाइपमध्ये काहीच कोरलेलं नसतं. गुळगुळीत पत्र्यावर किंवा अॅक्रिलिक शीटवर शाईने चित्र करायचं, त्यावर ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढायचं. शाई कागदावर जाते, ठसा जवळपास रिकामा होतो, आणि चांगला छाप एकच मिळतो. दुसरा काढला तर फिकट, सावलीसारखा येतो.

करायच्या रीती मुख्यतः दोन. स्वच्छ पत्र्यावर शाईने काढत जायचं, ही एक. दुसरीत सगळा पत्रा आधी काळा करायचा आणि चिंधी, काडी, बोट, ब्रश यांनी शाई पुसून उजेड काढायचा. १६४०च्या दशकात इटलीतल्या जिनोव्याचा चित्रकार जिओव्हानी बेनेदेत्तो कास्तिग्लिओने याने हे प्रथम केलं असं मानतात. पण त्याचं खरं सोनं केलं फ्रेंच चित्रकार एडगर देगाने. १८७०च्या दशकाच्या मध्यावर, चाळिशी गाठल्यावर, तो याकडे वळला आणि त्याने ३००हून अधिक मोनोटाइप केले. फिकट दुसऱ्या छापावर तो पेस्टल चढवायचा, त्याच्या कित्येक नर्तकी अशा आलेल्या आहेत. डोळ्यांची तक्रार त्यालाही होती. तरी देगाच्या मोनोटाइपवर बोलताना कोणी 'बिचारा' म्हणत नाही.

प्रेस, घोंगडी आणि मे महिना

सुरुवातीला आबा चमच्याच्या पाठीने घासून छापायचे. छाप ठिकठिकाणी फिका यायचा आणि खांदा दुखायचा. मग त्यांनी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून प्रेस करून घेतलं. लेथवर उतरवलेले दोन लोखंडी रूळ, मधून सरकणारा जाड पत्रा, वर दाब कमी-जास्त करायला दोन बोल्ट आणि बाजूला चाक. वेल्डिंगवाल्याने चाक फिरवून बघितलं आणि म्हणाला, 'आबा, हाई काय पापडनं मशीन शे का?' काकूंना, म्हणजे आबांच्या पत्नीला, ही कल्पना इतकी आवडली की त्या आजही पाहुण्यांना तीच ओळख करून देतात.

कागदावर रूळाचा दाब सारखा पडावा म्हणून मध्ये जाड लोकरी कापड लागतं. आबांनी घरातली घोंगडी घातली. पहिला छाप उचलला तर आकाशभर घोंगडीची वीण उमटलेली. धनगरी घोंगडीचा धागा जाड आणि खरखरीत, तो ओल्या कागदात सरळ दाबला जातो. शेवटी मुंबईहून फेल्ट मागवलं. घोंगडी मात्र त्यांनी टाकून दिली नाही. नांगरलेल्या वावराचं चित्र असलं की खालच्या अर्ध्या भागापुरती तिची घडी ठेवतात.

ठसा म्हणून छापखान्यातल्या वापरून टाकलेल्या ऑफसेट प्लेटा मिळाल्या. ही अॅल्युमिनियमची प्लेट दिसायला गुळगुळीत असली तरी तिच्या अंगाला बारीक रवा असतो, आणि त्या रव्यात शाई बसून राहते. कितीही पुसा, पूर्ण पांढरं येत नाही, एक राखाडी पदर राहतोच. पहाटेच्या चित्रांना तो फार शोभतो. लख्ख पांढरं हवं तिथे अॅक्रिलिक शीट. तिच्या कडा कानस मारून उतरत्या कराव्या लागतात, नाहीतर कागद कापला जातो आणि फेल्टलाही चीर पडते.

शाई ऑफसेटचीच, छापखान्यातली. खानदेशातला मे महिना तिला सोसत नाही. पारा ४४-४५वर गेला की शाई तेलासारखी पातळ होते, पुसलेली कड धरून राहत नाही, पसरते. घट्ट करायला आबांनी सवयीने फळ्याच्या खडूची पूड घातली. शाई घट्ट झाली खरी, पण काळा मेला, पाटीसारखा झाला. मॅग्नेशियम कार्बोनेट हा त्यावरचा नेहमीचा उपाय, चिमूटभर पुरतं. कागदाचं दुखणं वेगळंच. रात्री भिजवून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला कागद उन्हाळ्यात बाहेर काढल्यावर बघता बघता सुकतो, आणि सुका कागद शाई अर्धीच उचलतो. म्हणून एप्रिल ते जूनचा पहिला पाऊस या काळात आबा पहाटे चारला उठून काम करतात आणि उन्हं ओट्यावर यायच्या आत प्रेस झाकून ठेवतात. पावसाळ्यात उलट तऱ्हा. ओला कागद दोन दिवस विसरला की बुरशीचे ठिपके.

कागदावरून आठवलं. पाचोऱ्याहून एरंडोल काही लांब नाही. जाड्याभरड्या देशी कागदासाठी एरंडोल एकेकाळी नावाजलेलं होतं आणि तो धंदा थोडाफार अजून तग धरून आहे, अशी नोंद विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंपीरिअल गॅझेटिअरमध्ये आहे. आबांचा कागद आता पुण्याहून पोस्टाने येतो.

रॉकेलने प्लेट पुसणं त्यांनी बंद केलं, कारण बंद खोलीत खोकला लागायचा. आता आधी शेंगदाण्याचं तेल आणि मग भांड्यांचा साबण. तेल नवीन काढल्यावर काकू बोलतात, ते वेगळं.

भरीत

यंत्राबद्दल एवढं लिहिलं, आता एका चित्राबद्दल लिहितो. थंडीत आमच्याकडे शेतात भरीत पार्टी होते. पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, त्यात हिरवी वांगी टाकायची, भोवती माणसं बसलेली, वर काळंभोर आभाळ. आबांनी हा विषय आधी ऑइलमध्ये दोनदा रंगवला होता. केशरी जाळ, निळी रात्र, हसरे चेहरे, सगळं जागच्या जागी.

मोनोटाइप करताना मी शेजारी होतो. त्यांनी शीटवर शाई लाटली. थर बरोबर झाला की रूळाचा चिकट चरचर आवाज बारीक होतो, तो ऐकू येईपर्यंत ते थांबले नाहीत. मग सगळं काळं. जुन्या धोतराचा तुकडा अंगठ्याला गुंडाळून त्यांनी मधोमध एकदाच दाबून फिरवला. तो जाळ. आगकाडीच्या बोथट टोकाने वर जाणाऱ्या पाच-सात ठिणग्या. नंतर कापसाच्या बोळ्याने, हात इतका हलका की शाई निघतेय की नाही कळू नये, चार चेहऱ्यांच्या खालच्या बाजू: हनुवटी, नाकपुडीची कड, एकाच्या चष्म्याची खालची कमान. डोळे नाहीत. डोळे असतात त्या जागी त्यांनी काहीच पुसलं नाही. ज्या माणसाने उभी हयात मेलेल्यांच्या डोळ्यांत पांढरा ठिपका ठेवला, त्याचे हे चार चेहरे.

डावीकडच्या माणसाचा गाल जरा जास्त पुसला गेला. मी म्हणालो, 'आबा, बोटाने थोडी शाई परत लावा ना.'

'लावली तर दिसते रे भो. डाग दिसतो. त्याच्यापेक्षा असू दे, जाळाजवळ बसलाय तो.'

आणि त्यांनी कागद ठेवला. सगळं मिळून चहा गार व्हायच्या आत. ऑइलमध्ये हाच विषय महिनाभर चालला असता. छाप उचलला तेव्हा डावीकडचा माणूस उजवीकडे गेला होता आणि तो जास्त पुसलेला गाल चित्रातली सगळ्यात उजळ जागा झाला होता. डोळा आधी तिकडे जातो, मग जाळाकडे येतो. आबांनी ते योजलं नव्हतं. ओळखलं मात्र लगेच.

माझं म्हणणं या चित्रापाशी येऊन थांबतं. आबांची अडचण कधी रंगांची नव्हतीच. अडचण होती न थांबणाऱ्या हाताची, आणि मोनोटाइप तो हात मध्येच थांबवतो. शाईला एक वेळ असते, पुसलेलं गुपचूप परत भरता येत नाही, आणि शेवटचा हात प्रेस मारतं. ज्याला फिनिशिंगची खोड लागली आहे अशा माणसासाठी याहून कडक मास्तर मी पाहिलेला नाही.

उलटेपणाचाही वाटा आहे. छाप आरशासारखा उलटा येतो. नवशिके यावर फार वैतागतात, चेहरा हाताशी ओळखीचा असतो आणि कागदावर परका होतो. आबांना काचेवरच्या अक्षरांमुळे उलटं बघायची सवय होती. पाचोरा-जामनेर या नॅरो गेज गाडीच्या फलाटाचं चित्र करताना त्यांनी पाटीवरचं 'पाचोरा' पत्र्यावर आगकाडीने सरळ उलटं लिहून टाकलं, कच्चं न काढता. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे चित्र दाखवतो तेव्हा त्यांचा त्या अक्षरांवर विश्वास बसत नाही. चित्रापेक्षा अक्षरंच जास्त बघतात, ही माझी जुनी तक्रार.

ऑपरेशननंतर

सुरुवात झाल्यावर वर्षभराने एका डोळ्याचं, मग काही महिन्यांनी दुसऱ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर आबांना घरातल्या चादरी नीळ जास्त पडल्यासारख्या दिसल्या. शेजारच्या भिंतीचा रंग त्यांना इतकी वर्षं करडा वाटत होता, तो आकाशी निघाला. घरच्यांनी नव्या ट्यूबा आणल्या. मीही धरून चाललो होतो की आता रंग परत येतील.

त्यांनी तीन-चार अॅक्रिलिक केले. निळे अचूक, पांढरे पांढरे. बघणाऱ्यांनी वाहवा केली, एक विकलाही गेला. मग त्यांनी उरलेले कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवले आणि प्रेसचे बोल्ट आवळायला घेतले. मी कारण विचारलं. आबा फार बोलणारे नाहीत. म्हणाले, 'रंग दिसतात रे सगळे. पण दिसले की लावावेसे वाटतात, आन् लावले की मी परत बोर्डावर जातो.'

डोळ्यांचं कारण इथे गळून पडतं. दृष्टी अधू असताना जे काम सुरू झालं, ते दृष्टी परत आल्यावर अधिक नेटाने चालू राहिलं. ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे छाप शेजारी ठेवले तर फरकही कळतो. आधीच्या छापांत काळा आणि पांढरा, मधलं फारसं काही नाही. नंतरच्यांत करड्याच्या कितीतरी पायऱ्या आहेत: ओल्या रस्त्याचा करडा, जिनिंगच्या आवारातल्या कापसाच्या ढिगाचा करडा, धुरातला. डोळे सुधारल्याचा फायदा काळ्यालाच झाला.

चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांचा प्रभावही मला इथे दिसतो. मूस (१९१२–१९८९) स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात दशकानुदशकं जवळपास बाहेर न पडता राहिले, आणि टेबलावर मांडणी करून त्यांनी जी कृष्णधवल छायाचित्रं घेतली, ती पाहायला आबा शाळेच्या सहली घेऊन जायचे. आम्ही मुलं बंगल्यातल्या वस्तू बघत हिंडायचो, आबा एकेका फोटोसमोर उभे. आबांना याबद्दल विचारलं तर ते उडवून लावतात. तरी त्यांच्या छापातला एका बाजूने येणारा, वस्तूच्या कडेवर थांबणारा उजेड त्यांना दुसरीकडे कुठे भेटला असेल असं मला वाटत नाही.

कानबाईची रात्र

फिकट दुसरा छाप आबा सुरुवातीला रद्दीत टाकायचे. तो कसा वापरायचा हे त्यांना कानबाईने शिकवलं म्हणायला हरकत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई बसते, रात्रभर दिवे आणि गाणी, सोमवारी मिरवत नेऊन नदीवर विसर्जन. आबांनी ही रात्र एकाच शीटवर केली, शीट मध्ये न धुता.

पहिला छाप गच्च काळा, पाटावरची देवी आणि दोन दिवे एवढंच पुसलेलं. छापल्यावर शीटवर जी पुसट शाई उरली, तिच्यावरच त्यांनी बायकांच्या पाठी काढल्या, अगदी थोडी नवी शाई लावून. तो दुसरा छाप. देवी आता फिकी झालेली, गाणाऱ्या पुढे आलेल्या. असं करत शेवटचा छाप पहाटेचा आहे. डोक्यावर कानबाई घेतलेली बाई, रस्ता जवळपास कोरा, आणि त्या कोऱ्या कागदात रात्रीचे दिवे होते तिथे दोन मळकट डाग. मला मालिकेतला हाच छाप सगळ्यात आवडतो. देगाप्रमाणे यावर पेस्टल चढवायचा मोह कोणालाही झाला असता. मी सुचवलंसुद्धा. आबांनी हात जोडले.

फ्रेंच चित्रकार पॉल गोगँने १८९९पासून वापरलेली एक तऱ्हाही त्यांनी करून पाहिली. शाई लावलेल्या पत्र्यावर कागद पालथा ठेवायचा आणि कागदाच्या पाठीवर पेन्सिलने काढायचं. रेघ केसाळ, मऊ येते आणि तळहात टेकेल तिथे ढगासारखा डाग पडतो. प्रेस लागत नाही. काकूंचे काही चेहरे या पद्धतीने केले आहेत, लसूण सोलताना, फोनवर बोलताना. काकूंच्या मते एकही त्यांच्यासारखा नाही. माझ्या मते दोन आहेत.

विकण्याचं काय

इथे मात्र प्रकरण अडतं. एका ओळखीच्या डॉक्टरांना भरिताचं चित्र आवडलं, आणि त्यांच्या भावालाही तेच हवं झालं. एकच आहे म्हटल्यावर ते म्हणाले, 'मग छापलेलं आहे ना? अजून एक छापा.' जे एकदाच होतं त्याला छाप का म्हणायचं, हे गिऱ्हाइकाला पटवणं अवघड जातं. दुसऱ्या एकाने झेरॉक्सचा पर्याय सुचवला. शहरातल्या एका गॅलरीने तर उलटीच बाजू लावली: आवृत्ती, म्हणजे एकाच ठशाचे अनेक छाप, नसेल तर मुद्राचित्रात धरता येत नाही, कागदावर असल्याने पेंटिंगच्या भावात बसत नाही. छाप दोन्ही खणांच्या मध्ये पडून परत आले, एकाचा कोपरा दुमडून. चित्रकलेच्या व्यवहाराला खण लागतात हे मला समजतं, पण मोनोटाइप जवळपास पावणेचारशे वर्षं जुना आहे. एवढ्यात त्याला कुठेतरी जागा सापडायला हवी होती.

आबांना याचं फारसं सोयरसुतक नाही, असं मला आधी वाटायचं. तसं नाही. त्यांना विकायला हवं आहे, पेन्शनमधून कागद आणणं काकूंना खटकतं आणि त्यांनाही. पण ऑर्डर घेता येत नाही, हे त्यांना मनापासून आवडतं. मध्ये एक जण वडिलांचा फोटो घेऊन आला होता, याचं तुमच्या त्या काळ्या पद्धतीत करून द्या म्हणाला. आबांनी त्याला प्रेसजवळ नेलं, एक छाप काढून दाखवला आणि चेहरा कसा येईल ते मला छापेपर्यंत माहीत नसतं, असं सांगितलं. तो फोटो घेऊन गेला. आबांनी त्याला चहा पाजला होता आणि दिवसभर त्यांचा मूड झकास होता.

माध्यम बदलून आबा मोठे चित्रकार झाले का, असं मला कोणी विचारलं तर मी हो म्हणणार नाही. शंभरेक छापांतले बरेच साधे आहेत, काही नुसते काळे आहेत. पाटणादेवीच्या जंगलात त्यांना अजून जुन्या पडद्यांची झाडं सापडतात, कडेला उजेडाची रेघ असलेली. पण भरीत, फलाट, कानबाईची मालिका आणि काकूंचे ते दोन चेहरे हे काम त्यांच्या आधीच्या पस्तीस वर्षांत कुठे नाही, आणि आमच्या भागात दुसरं कोणी करतही नाही.

सध्या भांडण प्रेसच्या रुंदीवरून चालू आहे. आबांना पूर्ण शीटचा कागद छापायचा आहे, प्रेसचा बेड, म्हणजे तो सरकता पत्रा, तेवढा रुंद नाही. वेल्डिंगवाल्याचं म्हणणं, रूळ लांब केला तर मधे दाब कमी पडणार, जाड पाइप घ्यावा लागेल आणि मग चाक तुम्हाला एकट्याला फिरणार नाही. आबा म्हणतात गिअर लाव. गिअरचा भाव ऐकून दोघांनी विषय दिवाळीनंतर ढकलला आहे.